इंधन समन्वय समिती (तातडीची)

2024 सालची पहिली सकाळ आमच्या विद्यापीठात एकमेकांना शुभेच्छा देण्यात गेली आणि दुपार पंपावर. नव्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 106(2) मध्ये, बेदरकार गाडी चालवून कुणाचा जीव घेऊन पोलिसांना न कळवता पळणाऱ्या चालकाला 10 वर्षांपर्यंत कैद लिहिलेली. चालकांनी स्टिअरिंग सोडलं, मनमाडजवळच्या पानेवाडीतून टँकर हलेनात, आणि मराठवाड्यातलं ज्ञानदान नेमकं कुठून चालतं ते आम्हाला कळलं.

रांगेत सगळ्या विद्याशाखा होत्या. एवढी आंतरविद्याशाखीय उपस्थिती आमच्या परिसंवादांनाही नसते. विधीचे सर मागच्यापुढच्यांना समजावत होते, कायदा अजून लागूच झालेला नाही, तेव्हा घाबरायचं काही कारण नाही. हे ते दुपारपासून रांगेत उभं राहून सांगत होते. अर्थशास्त्राच्या मॅडमनी लोकांच्या साठेबाजीमुळेच टंचाई होते, हे उदाहरणांसह पटवून दिलं. उदाहरणं दोन होती, एक त्यांची कार आणि दुसरी यजमानांची. रसायनशास्त्राचे विभागप्रमुख पाच लिटरचा कॅन घेऊन आले होते. पंपावरचा बारावी नापास पोरगा त्यांना म्हणाला, "सर, कॅनमध्ये देत नाही. पेटतं ते."

प्रशासन मात्र गाफील नव्हतं. दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी सकाळी परिपत्रक निघालं. इंधन समन्वय समिती गठित, सदस्य सात, बैठक शुक्रवारी, विषय तातडीचा.

इथे एक गोष्ट मान्य करायला हवी. विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या निकषांमध्ये हरित परिसर म्हणून काही अपेक्षा असतात: आवारात वाहनांना मर्यादित प्रवेश, सायकली, पायी चालणाऱ्यांसाठी वाटा. आमच्याकडे यासाठी धोरण आहे, फलक आहे, आणि मागच्या भेटीआधी आणलेल्या सायकली आहेत, ज्यांच्या सीटवरचं प्लॅस्टिक अजून निघालेलं नाही. जे धोरणाला वर्षानुवर्षं जमलं नाही ते टँकरचालकांनी एका दिवसात करून दाखवलं. प्रशासकीय इमारतीसमोरची पार्किंग अर्धी रिकामी! अंतर्गत गुणवत्ता कक्षाच्या समन्वयकांनी लगेच फोटोग्राफरला बोलावलं. तो आला नाही. त्याच्याही गाडीत पेट्रोल नव्हतं.

पोरांना समिती लागली नाही. ज्याची गाडी बंद पडली त्याने ती आडवी केली, कोपऱ्यात साचलेलं शेवटचं पेट्रोल कार्बोरेटरकडे ढकललं आणि लायब्ररी गाठली. ज्याची आडवी करूनही चालू होईना त्याला मागच्याने पाय लावून टोचन दिलं. वसतिगृहातल्या एकाने 'डबलसीट पाहिजे, टाकी तुझी, नोट्स माझ्या' असं स्टेटस ठेवलं आणि त्याला तीन गाड्या मिळाल्या. तिकडे हैदराबादेत एक डिलिव्हरीवाला जेवण पोचवायला चक्क घोड्यावरून निघाला होता. तो व्हिडिओ आमच्या ग्रुपवर येताच आस्थापना विभागातून गंभीर शंका आली: घोड्याने आल्यास प्रवासभत्ता कुठल्या दराने, आणि चारा वेगळा लावायचा की त्यातच?

या सगळ्यात एक माणूस पायीच आला. आमच्या विभागात तासिका तत्त्वावर शिकवणारा हा मुलगा नेट झालेला आहे, पीएचडी झालेला आहे, आणि रोज तालुक्याच्या गावाहून दुचाकीने येतो. त्या मंगळवारी निम्म्या वाटेत त्याच्या गाडीचं रिझर्व्हही संपलं. पुढच्या दोन्ही पंपांवर दोऱ्या बांधलेल्या. उरलेलं अंतर तो गाडी ढकलत आला आणि पोचला तेव्हा त्याचे दोन्ही तास संपले होते. कायम प्राध्यापकांपैकी जे आलेच नाहीत त्यांनी घरून किरकोळ रजेचा मेसेज टाकला. पगार जागच्या जागी.

त्याच रात्री दिल्लीत केंद्रीय गृहसचिव आणि वाहतूकदारांच्या संघटनेची बैठक झाली. चर्चा केल्याशिवाय हे कलम लागू करणार नाही, असं सरकारने सांगितलं आणि संप मिटला. टँकर धावू लागले, पंपांवरच्या दोऱ्या सुटल्या.

शुक्रवारी समिती बसली. सात सदस्य सात गाड्यांतून आले. टंचाई नसल्यामुळे चर्चा मोकळेपणाने झाली. कारपूलिंगला प्रोत्साहन द्यावं, त्यासाठी उपसमिती नेमावी आणि तिच्या सदस्यांना स्थानिक प्रवासभत्ता द्यावा, असं ठरलं. इतिवृत्त कायम करण्यात आलं. काजूही चांगले होते.

महिनाअखेरीस त्या मुलाने बिल भरलं, तेव्हा मंगळवारचे दोन तास कारकुनाने लाल पेनाने खोडले. मुलगा म्हणाला, "साहेब, पेट्रोल नव्हतं. सगळ्यांनाच माहीत आहे." कारकून वाईट माणूस नाही. त्याने चहा मागवला, खुर्ची दिली आणि विचारलं, "समितीच्या अहवालात तुमचं नाव आहे का?"