शिष्यवृत्ती: पालकांसाठी प्राथमिक पाठ

शिष्यवृत्ती मिळते विद्यार्थ्याला. करावी लागते पालकाला. या विषयाच्या अभ्यासासाठी पुण्यात विश्रांतवाडी ही सोयीची जागा. आळंदी रस्त्यावरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर सामाजिक न्याय भवनात समाजकल्याण आणि जात पडताळणी अशी दोन्ही कामे होतात. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये अख्ख्या खानदानाचे पुरावे घेऊन एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीकडे जाणारा इसम तिथे दिसला, तर तो पालक समजावा.

योजनांची विभागणी उत्पन्नावर होते. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवे. त्यावर गेले तर फ्रीशिप, म्हणजे फक्त शुल्कमाफी. आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांच्या राजर्षी शाहू महाराज योजनेत मर्यादा आठ लाखांची. त्यामुळे लग्न जमवताना फुगलेला पगार तहसीलदारांच्या दाखल्यासाठी आपोआप ओसरतो.

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांच्या आतील ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. व्हॉट्सअ‍ॅपवर पोहोचेपर्यंत त्याचे ‘मुलींचे शिक्षण फुकट’ झाले. वसतिगृह, खानावळ आणि पुस्तके त्या निर्णयात नाहीत, हे पालकाला मेसचे बिल आल्यावर कळते. प्रवेश कॅपमधून, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून हवा, ही अट तर व्यवस्थापन कोट्यात पैसे भरून झाल्यावर कळते.

वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. पुण्यात वर्षाला ६०,००० रुपये, म्हणजे महिना पाच हजार. त्यात जेवण, निवास आणि निर्वाह बसवायचा असल्याने या योजनेतून अर्थशास्त्राचे प्रात्यक्षिकही होते. मात्र लाभार्थी त्याच शहरातला रहिवासी नसावा. लातूरहून आलेल्याला ती मिळू शकते, विश्रांतवाडीच्या पोराला नाही.

१९१३ साली बाबासाहेब बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा संस्थानाने दहा वर्षे नोकरी करण्याचा करार लिहून घेतला होता. आता करार नाही. २०१७ पासून अर्जासाठी महाडीबीटी पोर्टल आहे. त्यावर उत्पन्न मर्यादेच्या आत आणि दाखल्याचा स्कॅन २५६ केबीच्या आत असावा लागतो. दोन्ही कमी करून देणारी मंडळी झेरॉक्सच्या दुकानांच्या आसपास सापडतात.

अर्ज आधी महाविद्यालयाच्या कारकुनाच्या लॉगिनला जातो, मग प्राचार्यांच्या, मग विभागाच्या. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि आधारवर शेवटी असले, की तो ‘सेंड बॅक’ होतो. बाप एकच असल्याचे सिद्ध करायला मग प्रतिज्ञापत्र करावे लागते. ‘सेंड बॅक’ म्हणजे नामंजूर नव्हे. पण मुदतीत दुरुस्त केला नाही तर परिणाम तोच.

पैसे थेट विद्यार्थ्याच्या आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. ते खाते कोणते, हे बहुधा घरात कोणालाच आठवत नाही. पूर्वी कधीतरी आईने उघडून दिलेल्या आणि पुढे बंद पडलेल्या खात्यात रक्कम गेल्याचा शोध वर्ष संपताना लागतो. दरम्यान पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशावेळी शिक्षण शुल्क घेऊ नये, हा शासनाचा आदेश असतो आणि ‘शिष्यवृत्ती न आल्यास मी भरेन’ हे हमीपत्र महाविद्यालयाच्या खिडकीवर असते. पालक आदेश वाचत नाही, हमीपत्रावर सही करतो.

म्हणून पालकांनी उत्पन्नाचा दाखला मेमध्येच काढावा, जात पडताळणीचा अर्ज बारावीला असतानाच द्यावा, मुलाचे खाते आधारशी जोडले आहे का ते बँकेत विचारून घ्यावे, अर्ज क्रमांक आणि पासवर्ड वहीत लिहावा, मोबाइल नंबर बदलू नये आणि दर आठवड्याला अर्जाची स्थिती पाहावी. एवढी नोकरी बिनपगारी केली, तर मुलाला शिष्यवृत्ती मिळण्याची शक्यता बरीच वाढते.