विषय : आपणांस आदर मिळण्याबाबत

प्रति,
सन्माननीय नवनिर्वाचित साहेब,
(सभागृह, पक्ष व चिन्ह आपापले भरून घ्यावे.)

संदर्भ : आपल्या कार्यकर्त्यांनी दिलेली तोंडी समज, ‘‘आता निवडून आलेत, आता तरी मान द्या.’’

महोदय,

प्रथम अभिनंदन. सावर्ड्यात महामार्गाच्या दोन्ही अंगांना आपले फलक लागले आहेत. मुंबई-गोवा रस्ता रुंद करण्याचं काम पनवेलकडून २०११ साली सुरू झालं आणि आम्ही अजून खड्डे मोजतो आहोत. आपले फलक एका रात्रीत उभे राहिले. कामाचा उरक असावा तर असा.

आधीच सांगतो, हे पत्र कोणा एकाला उद्देशून नाही. खाई त्याला खवखवे, एवढंच.

जनतेच्या न्यायालयानं आपल्याला निर्दोष सोडलं, असं आपण विजयी सभेत म्हणालात. साहेब, त्या न्यायालयात मीही होतो. शाळेची खोली, पुठ्ठ्याचा आडोसा, बोटाला शाई. यंत्रावर आपलं नाव होतं, चिन्ह होतं, तळाशी २०१३ पासून मिळालेला ‘नोटा’ होता. ‘निर्दोष’ असं बटण काही सापडलं नाही. समोरचे उमेदवार पाहिले आणि त्यातल्या त्यात म्हणून आपलं दाबलं. त्याला निकालपत्र म्हणायचं असेल तर आपली मर्जी.

आपलं प्रतिज्ञापत्र मात्र मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. सर्वोच्च न्यायालयानं २००२ साली निकाल दिला म्हणून हे वाचन आमच्या नशिबी आलं. गुन्हे, कलमं, खटल्यांची सद्यःस्थिती, सगळं आपल्या सहीनिशी. आपल्या नावावर इतका खरा मजकूर दुसरा नसावा. पुढे २०२० मध्ये त्याच न्यायालयानं पक्षांना बजावलं की लोकसभा-विधानसभेला गुन्हे दाखल असलेला उमेदवार का निवडला ते जाहीर करा, आणि ‘निवडून येतो’ एवढंच कारण चालणार नाही. तेव्हापासून पक्ष दुसरी कारणं लिहितात. निवडून येण्याचं कारण मात्र तेच राहिलं आहे.

यातली गंमत आपल्याला ठाऊक असेलच. आमच्याकडचा ग्रामपंचायत सदस्य घरपट्टीचं बिल हातात पडल्यावर तीन महिन्यांत भरत नसेल, सरकारी जागेत त्यानं पडवी काढली असेल, १२ सप्टेंबर २००१ नंतर त्याला तिसरं मूल झालं असेल किंवा घरचं शौचालय तो वापरत नसेल, तर ग्रामपंचायत कायद्याच्या कलम १४ नुसार त्याचं पद जातं. आमदार-खासदाराला यातलं काही लागू नाही. त्याला आधी शिक्षा व्हावी लागते, तीही बहुतेक गुन्ह्यांत दोन वर्षांची. खटला नुसता चालू असेल तर चालतो. म्हणजे पद जेवढं लहान, तेवढं चारित्र्य कडक. आपण मोठं पद निवडलंत, यातच आपला दूरदर्शीपणा.

खासगी आयुष्य वेगळं ठेवा, असंही आपले लोक सांगतात. ठेवलं. आपण संध्याकाळी कुठं बसता, काय घेता, आम्ही विचारणार नाही. आमच्या गावात विचारावं लागतही नाही. पण सख्ख्या बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेऊन सातबारा स्वच्छ करणं, आणि मग तालुक्यातल्या तमाम लाडक्या बहिणींना फलकावरून ओवाळणी घालणं, हे खासगी की सार्वजनिक? तलाठ्याला विचारून कळवावे.

निवडून आल्यावर आपण डेरवणला शिवसृष्टीत जाऊन फोटो काढलात. उत्तम केलंत. फक्त तिथून निघताना रांझ्याच्या पाटलाची आठवण ठेवायची होती. तोही गावचा मानकरीच. त्यानं बाईशी गैरवर्तन केलं. शिवाजी महाराजांनी हातपाय तोडण्याची शिक्षा देऊन त्याची पाटिलकी काढून घेतली. त्या शिक्षेचं १६४६ सालचं पत्र आजही उपलब्ध आहे. पाटलाचं खासगी आयुष्य वेगळं ठेवावं, हे महाराजांना सुचलं नाही. त्यांच्याकडे आपल्यासारखे सल्लागार नव्हते.

आता आपल्या बाजूनं एक. बॅरिस्टर अंतुले आमच्या कोकणचे. १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग जिल्हा झाला तो त्यांच्याच काळात, निराधारांची योजनाही त्यांचीच. सिमेंट प्रकरणात उच्च न्यायालयाचा निकाल विरुद्ध गेला आणि जानेवारी १९८२ मध्ये त्यांना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. पुढे लोकांनी त्यांना लोकसभेत पाठवलंही. आजही कोकणातला म्हातारा माणूस जिल्हा, योजना आणि सिमेंट एका दमात सांगतो. एकासाठी दुसरं गिळत नाही. मला हा हिशेब पटतो. काम केलंत तर कामाचं नाव घेऊ, आणि प्रतिज्ञापत्राचं पान त्याच वहीत राहील. आपल्याकडून आम्हाला अजून जिल्हा नको, योजना नको. गटाराचं झाकण आलं तरी खातं उघडू.

सावर्डे काताचं गाव आहे. खैराची साल आणि बाहेरचं पांढरं लाकूड तासून टाकतात, आतल्या तांबड्या गाभ्याच्या चिपा उकळतात, तेव्हा कुठे कात सुटतो. साल रात्रभर उकळलीत तरी पान रंगणार नाही. हार, तुरे, जेसीबीवरून उधळलेली फुलं आणि ‘कार्यसम्राट’ ही पदवी यांचा हिशेब आपण या अंगानं करून पाहावा.

तरी रिकाम्या हातानं पाठवत नाही. आपण सभेत आलात की आम्ही उठून उभे राहू, कारण ती खुर्ची आमच्या मतांची आहे. अर्जावर ‘माननीय’ लिहू. तसा नमुनाच आहे. पायाला हात लावणार नाही, आणि शाळेतल्या पोरांना आपल्या स्वागतासाठी उन्हात उभं करू देणार नाही. खुर्चीचा मान इथवरच येतो.

राहिला आपला स्वतःचा आदर. आपल्यावरच्या खटल्यांप्रमाणे तोही सध्या प्रलंबित आहे. पुढची तारीख २ ऑक्टोबरची ग्रामसभा. सत्काराला येणं मला जमणार नाही, तिथे मात्र हजर असेन. आपणही यावे, आणि वकील न आणता यावे.

आपला,
एक मतदार,
सावर्डे, ता. चिपळूण, जि. रत्नागिरी