मास्तरांच्या सुनेला नोकरी लागली म्हणे!

अहो वहिनी, ऐकलंत का? या की जरा इकडं, कुंपणापाशी. मास्तरांच्या सुनेला नोकरी लागली! पुण्याच्या ऑफिसची, घरी बसून हिशेब लिहायची. आणि लावून दिली कुणी? कुणीच नाही. ना पुढारी, ना पाहुणा. लिंक्डइन म्हणून नोकरीची साइट आहे, तिच्यावरून!

काल गिरणीत ही बातमी फुटली, तेव्हा कोपऱ्यावरच्या काकूंचा चेहरा बघायला हवा होता. दळणाचा डबा हातातच राहिला. "त्यावर नुसते फोटो टाकतात ना?" म्हणाल्या. आता त्यांच्या लेकाचं तुम्हाला ठाऊकच आहे. भूकंपग्रस्ताचा दाखला लॅमिनेट करून कपाटात, आणि निघेल त्या सरकारी जाहिरातीला फॉर्म. तसं त्याचंही चूक नाही हो. १९९३च्या भूकंपात आपल्या सास्तूरनं जे भोगलं त्यापुढं सरकारी नोकरीतलं २ टक्के आरक्षण म्हणजे काय! पण त्या २ टक्क्यांसाठी उभी असलेली पोरं किती, मोजा की. आणि या खासगी साइटवर दाखल्याचा रकानाच नाही. तिथं एकच विचारतात, बाई, तुला येतं काय?

तर काय सांगत होते... हां, सून! लग्नाआधी ती उमरग्याला एका अडत दुकानात हिशेब लिहायची. तेच तिनं लिंक्डइनवर जसंच्या तसं टाकलं. टॅली येतं, जीएसटीचं रिटर्न भरते, तूर-सोयाबीनच्या हिशेबपट्ट्या केल्यात. बास. माणूस शोधणारे म्हणे 'टॅली' असा शब्द टाकतात, अन् ज्यांनी तो लिहिलाय तेवढेच त्यांना दिसतात. आणि आपली पोरं काय लिहितात? हार्डवर्किंग, डेडिकेटेड! स्थळाच्या बायोडाट्यात सगळ्याच मुली गृहकृत्यदक्ष असतात, तसंच की हे. काकूंच्या लेकानं तर नावाखाली 'फाउंडर अँड सीईओ' लिहिलंय. कशाचा, विचारा. कोंबड्यांच्या शेडचा! शेड अजून बांधायचंय.

बरं, नुसतं लिहून भागलं नाही हं. सुनेनं कॉलेजच्या मैत्रिणी त्यावर हुडकल्या. एक निघाली नेमकी त्याच ऑफिसात. तिला मेसेज केला, तिनं साहेबांच्या कानावर घातलं. मग फोनवर इंटरव्ह्यू, तोवर तिचं लेकरू सासऱ्यांच्या मांडीवर!

मास्तर तर गिरणीच्या दारात लेक्चरच द्यायला लागले. "आमच्या वेळी सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवायचं आणि कॉलची वाट बघत बसायचं. नोकरी डॉट कॉम आलं १९९७ला, संजीव बिखचंदानींनी काढलं. लिंक्डइन २००३चं. सरकारचं नॅशनल करिअर सर्व्हिस २०१५पासून आहे, फुकट! राज्याचं महास्वयम आहे. २०२४ला मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली, तिची नोंदणी त्यावरच होती. महिन्याला विद्यावेतन बारावीला ६ हजार, आयटीआयला ८, पदवीला १०. कुणाला पत्ता होता?" गिरणीवाला गालात हसत होता. पण काकू? काकूंनी पदराआडून मोबाइल काढला आणि लेकाला फोन लावला. मी बघितलं ना!

आता हे मात्र कुणाला बोलू नका हं... वरच्या गल्लीतल्या त्या पोराचं. मोबाइलवर मेसेज आला, 'तुमचं सिलेक्शन झालंय'. ना अर्ज, ना इंटरव्ह्यू, सिलेक्शन कसलं? आधी रजिस्ट्रेशनचे पैसे, मग ट्रेनिंगचे, मग लॅपटॉपच्या डिपॉझिटचे. आईच्या बचत गटातले पैसे हो! आणि मग फोन बंद. बाप ओट्यावर बसून नुसता जमिनीकडं बघत होता. शेवटी मास्तरांच्या सुनेनंच सायबर फसवणुकीचा १९३० नंबर लावून तक्रार दिली. ती म्हणाली, "लाजत घरात बसला असतात तर उरलेली आशाही गेली असती." पैसे मिळतील न मिळतील, देव जाणे.

म्हणून म्हणते वहिनी, तुमच्या धाकटीनं दवाखान्यात दोन वर्षं काम केलंय ना? तिला सांगा, इंजेक्शन देते, बाळंतपणाला मदत करते, रजिस्टर लिहिते, सगळं साध्या शब्दांत टाक. ओळखीच्या सिस्टरना जोडून घे. आणि नोकरी देणारा उलटा पैसे मागायला लागला, की ती नोकरीच नव्हे; फोन ठेवायचा.