तेलाची मुदत

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रज सरकारने बांधलेल्या, गोंदियाजवळील बिरसीच्या धावपट्टीवर आज वैमानिक घडविले जातात. आणि लायकॉमिंगसारख्या विमान-इंजिनाचे तेल, पूर्ण प्रवाहाचा फिल्टर असल्यास, 50 तासांनी अथवा 4 महिन्यांनी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा, बदलावे असे निर्मात्यांचेच फर्मान असल्याने त्या क्षेत्रात मतस्वातंत्र्यास फारसा वाव नाही.

कुंपणाबाहेर मात्र लोकशाही नांदते. तेथे मिस्त्री दुचाकीची तेल मोजण्याची दांडी उपसतो, थेंब अंगठा व तर्जनी यांत चोळतो आणि "काळं पडलं जी!" असा फैसला सुनावतो. वस्तुतः काजळी आपल्यात तरंगत ठेवून इंजिन निर्मळ राखणारी द्रव्ये तेलात मुद्दाम मिसळलेली असतात, म्हणजे तो काळेपणा बहुधा कर्तव्यदक्षतेचाच दाखला होय. परंतु इमानाने राबणाऱ्याचेच तोंड काळे ठरवून त्यास बडतर्फ करण्याचा शिरस्ता आपल्या कचेऱ्यांसही अपरिचित नाही.

याउलट दुसरा पंथ वाहनप्रेमापोटी मोटारीचे महागडे तेल दुचाकीत ओततो, आणि त्याच तेलात भिजणारा क्लच घसरू लागला, डब्यावर अशा क्लचला मानवणाऱ्या तेलाची खूण असलेली 'जासो एमए' ही अक्षरे नव्हती असे निष्पन्न झाले, की दोष पेट्रोलच्या माथी मारून मोकळा होतो.

प्रत, माप आणि मुदत ही तिन्ही जिच्यात छापलेली असतात ती पुस्तिका, खरेदीच्या दिवशी वाहनाबरोबर हळदकुंकवाचा मान मिळाल्यावर, कपाटात इतक्या कडेकोट बंदोबस्तात ठेवली जाते की तिला उघडण्याचे पातक कोणीही करीत नाही.