बँकॉक-रिटर्न अण्णा

जालन्याच्या मोंढ्यात कृषी सेवा केंद्रांना तोटा नाही आणि त्यांच्या गल्ल्यांवर बसलेल्या बँकॉक-रिटर्न अण्णांनाही. बियाण्यांची, औषधांची कंपनी टार्गेट देते, अण्णा ते फोडतात आणि खरीप आटोपला की कंपनी त्यांना थायलंड दाखवते. दौरा चार रात्रींचा. सांगणं जन्माचं.

"अण्णा, कपाशीच्या दोन बॅगा द्या."

"देतो. बस. आत्ता तिकडं किती वाजले असतील, सांग बरं?"

शेतकऱ्याला 'तिकडं' म्हणजे अंबड वाटतं.

"आपल्यापेक्षा दीड तास पुढं!" अण्णा मनगट पुढं करतात. आल्यापासून त्या घड्याळाचे काटे बँकॉकवरच आहेत. दुकान ते भिंतीवरचं घड्याळ बघून उघडतात आणि मनगटावरचं बघून वाढवतात.

मग बॅगा राहतात बाजूला आणि विमान उतरतं. "आपण नुसतं 'जालना सोने का पालना' म्हणतो, तिथं विमानतळाचंच नाव सुवर्णभूमी!" परतताना त्या विमानतळावर भलंमोठं समुद्रमंथन दिसलं. तपासणीत काढून नुकतेच चढवलेले बूट अण्णांनी पुन्हा काढले आणि हात जोडले. मागचे सगळे डीलर बूट काढून रांगेत उभे. त्यांना वाटलं, आणखी एक तपासणी आली.

दौरा 'अभ्यासा'चा होता. कालव्यावरच्या तरंगत्या बाजारात होडीतून भाजी विकणाऱ्या बायका बघून अण्णांचे डोळे भरून आले. "एवढं पाणी, अन् त्याच्यावर भाजी! आपल्याकडं टँकरचा हॉर्न वाजला की भाजीवालीच टोपली टाकून घागर घेऊन पळते." तिथंच त्यांनी डोक्याएवढा पपनस हातात घेऊन फिरवून बघितला आणि निदान केलं, "मोसंबी आपलीच. टॉनिकचा डोस जास्त झालाय." भौगोलिक मानांकन मिळालेल्या मोसंबीच्या जिल्ह्यातला माणूस, तो पपनसाला कशाला मोजतो!

"अन् पटाया, अण्णा?" कुणीतरी खवचटपणे विचारतं.

अण्णा लगेच पावती लिहायला घेतात.

जालना तालुक्यातच कडवंची आहे. तिथली शेततळी आणि द्राक्षबागा बघायला परजिल्ह्यांतून गाड्या भरून शेतकरी येतात. अण्णा अजून गेलेले नाहीत. "जाऊ की, जवळच तर आहे," म्हणतात. खरं कारण एवढंच, की कडवंचीची स्कीम अजून कुठल्या कंपनीनं काढलेली नाही.

"पण अण्णा, खर्च किती आला हो?"

"खर्च? एक रुपया नाही. सगळं फुकट!"

आत गोडाऊनमध्ये मुनीमजी चहा पीत बसलेले असतात. बुडाखाली औषधांच्या खोक्यांची थप्पी असते. टार्गेटला कमी पडत होती म्हणून मार्चअखेर उचललेली, न खपलेली, मुदत संपलेली. पोरगं ती हलवायला गेलं की मुनीमजी दटावतात, "राहू दे रे. अण्णांचं तिकीट आहे ते."