नऊ वाजेपर्यंतची थंडी

सह्याद्रीतली थंडी डोंगरावर नसतेच, असं माझं अनुभवाअंती ठाम मत झालं आहे. ती असते खडकवासल्याच्या पाण्याकडेने जाणाऱ्या मोटारसायकलच्या मागच्या सीटवर, पहाटे साडेतीन वाजता. पुढे मेहुणा बसलेला असतो, म्हणजे वाऱ्याला आडोसा असायला हवा. पण पळून पळून त्याची अंगकाठी अशी झाली आहे की त्याच्या आड मेणबत्तीसुद्धा टिकली नसती.

सिंहगड, राजगड, तोरणा ही तीन गडांची पायपीट पुण्यातले भटके फार वर्षांपासून करत आले आहेत. ती दोन-तीन दिवसांत करावी, मध्ये राजगडावर मुक्काम टाकावा, पिठलं शिजवावं, अशी सभ्य रीत होती. आता पन्नासेक किलोमीटरचा तोच प्रकार लोक एका दिवसात पळत करतात. त्याला ट्रेल रनिंग म्हणतात.

"दाजी, डिसेंबर म्हणजे बेस्ट. थंडीत दम लागत नाही," मेहुणा म्हणाला होता. बायको तेव्हा तिथेच उभी होती. भावासमोर नवऱ्याने माघार घेतलेली कुठल्याच बायकोला आवडत नाही, म्हणून मी हो म्हणालो.

माझी तयारी पक्की होती. आत थर्मल, त्यावर टीशर्ट, त्यावर स्वेटर, त्यावर विंडचीटर, डोक्याला माकडटोपी आणि पायात सासूबाईंनी विणलेले लोकरीचे मोजे. मेहुणा अर्ध्या चड्डीत होता. "सुरुवातीला थोडं कुडकुडायलाच पाहिजे दाजी. नाही कुडकुडलं तर कपडे जास्त झाले समजायचं." सिंहगडाच्या पायथ्याला, आतकरवाडीत गाडीवरून उतरलो तेव्हा मी यथेच्छ कुडकुडत होतो, तेव्हा हा सल्ला मला लागू नाही असं मी धरून चाललो.

पण रात्री डोंगरउतारावर गार झालेली हवा जड होते, पाण्यासारखी खाली ओघळते आणि खोऱ्यात साचून राहते. त्यामुळे पायथ्याला दात वाजतात आणि चढावं तसं उबदार होत जातं. हे मला पहिल्या वीस मिनिटांत अंगावरून वाहणाऱ्या घामाने शिकवलं. एव्हाना पळणं संपून चालणं सुरू झालं होतं, आणि चालण्याचंही काही खरं नव्हतं. तेवढ्यात मागून एक आजी डोक्यावर पाटी घेऊन आल्या. गडावर दही-ताक विकायला चालल्या होत्या. पायात साधी चप्पल. बॅटरीच्या उजेडात माझ्याकडे आपादमस्तक बघून त्यांनी काळजीने विचारलं, "एवढं घातलंय बाबा, ताप आलाय का?" आणि उत्तराची वाट न बघता पुढे निघून गेल्या. मेहुण्याने आयुष्यात पहिल्यांदाच खोकल्याचं निमित्त करून माझ्याकडे पाठ फिरवली.

थंडीचा दुसरा चावटपणा असा, की ती तहान लागू देत नाही आणि उलट वाट मात्र सारखी मोकळी करते. कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त आत लोटलं जातं, मूत्रपिंडांचा समज होतो की पाणी फार झालं. गडाच्या माथ्यावर पोचेपर्यंत मी तीनदा थांबलो आणि पाण्याचा एक घोटही घेतला नाही. या हिशेबाची वसुली पुढे झाली.

वर उजाडत होतं. १६७० सालच्या फेब्रुवारीत, माघ वद्य नवमीच्या रात्री, तानाजी मालुसरे आणि त्यांचे मावळे हा गड चढले. म्हणजे थंडी त्यांनाही होती, आणि त्यांची वाट कड्यावरून होती. तिथे मला माकडटोपीची लाज वाटली आणि मी ती काढली. मग स्वेटर, मग थर्मल. सगळं पाठपिशवीत कोंबल्यावर ती गर्भार दिसू लागली.

कल्याण दरवाज्यातून उतरून विंझर गावाकडे जाणारी लांबच लांब धार लागली, आणि तिथे भेटलं कुसळ. मराठी माणसाला कुसळ म्हणीतून माहीत असतं, ते दुसऱ्याच्या डोळ्यात असतं. प्रत्यक्षात ते मोज्यात असतं. पावसाळ्यात कमरेएवढं वाढलेलं गवत हिवाळ्यात वाळून सोनेरी होतं, फोटोत फार छान येतं, आणि प्रत्येक काडीच्या शेंड्याला ही कुसळं तयार असतात. पुढे सुईसारखं टोक, त्यावर उलट्या दिशेची बारीक लव, मागे पीळदार शेपटी. शेपटी ओली झाली की पीळ सुटतो, वाळली की पुन्हा बसतो, आणि या सुटण्या-बसण्यात टोक आत आत शिरतं. निसर्गाने ही युक्ती बी मातीत रुजावं म्हणून केली आहे. घामाने भिजलेला लोकरीचा मोजा आणि माती यांतला फरक कुसळाला कळत नाही. ते माझ्या घोट्यात रुजू पाहत होतं.

दर दोनशे पावलांवर मी बसत होतो. एक उपटलं की शेजारचं तुटून अर्धं आत राहायचं. मेहुण्याचे मोजे गुळगुळीत, त्यावर घोटा झाकणारे गेटर. तो जागच्या जागी पळत माझी वाट बघत होता, आणि हे दृश्य कुसळापेक्षा जास्त टोचत होतं. उतारावरच्या घसाऱ्यात मी दोनदा बसलो ते मात्र स्वेच्छेने नव्हे.

नऊ वाजले आणि थंडी कुणीतरी हजेरी घेऊन घरी सोडावी तशी निघून गेली. दहाला ऊन भाजायला लागलं. पाठीवर चार किलो लोकर, घशाला कोरड, आणि विंझरच्या अलीकडे दोन्ही पोटऱ्यांत एकदम गोळे आले. न प्यालेल्या पाण्याची ती वसुली. मी रस्त्याच्या कडेला आडवा झालो आणि मेहुण्याला राजगड-तोरण्याचा मुखत्यार नेमलं. तो गेला. मी एसटीने परत आलो. कंडक्टरने पाठपिशवीकडे बघून "लगेज होतंय हे" म्हटलं, त्यावर मी वाद घातला नाही.

संध्याकाळी तोरण्याखालच्या वेल्ह्यातून त्याचा फोन आला तेव्हा बायको चष्मा लावून, चिमटा घेऊन माझ्या घोट्यातली कुसळं काढत होती. सत्तावीस निघाली. मोज्यातली मोजायचं तिने सोडून दिलं.

तेव्हा या दिवसांत धारेने जाणार असाल तर मोजे गुळगुळीत कापडाचे घ्या, गेटर चढवा आणि तहान नसली तरी पाणी प्या. लोकरीचे मोजे हवेच असतील तर माझ्याकडे एक जोड आहे, कुसळांसकट. सासूबाईंना कळू न देता घेऊन जा.