सॉसेजकडे न बघता

शहाणा कुत्रा बघायला फारसे कोणी पैसे मोजत नाही. इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत श्वानस्पर्धा भरवणाऱ्या मंडळींना हे फार पूर्वीच कळलेले आहे. म्हणून उन्हाळ्यातल्या एखाद्या रविवारी, पाऊस येणार याची खात्री असूनही, गावच्या मैदानात दोऱ्या बांधून रिंगणे आखली जातात तेव्हा एका रिंगणात आज्ञापालनाची खरी स्पर्धा असते आणि दुसऱ्यात सॉसेजांची. पहिल्याभोवती स्पर्धकांचे नातेवाईक उभे असतात, दुसऱ्याभोवती गाव लोटलेले असते. दोन्हीकडची नाणी शेवटी एकाच डब्यात पडतात, आणि तो डबा जातो अंध, कर्णबधिर किंवा चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्या माणसांसाठी कुत्री तयार करणाऱ्या संस्थेकडे.

या प्रकाराला तिकडे ‘कम्पॅनियन डॉग शो’ म्हणतात. १८७३ साली स्थापन झालेला केनेल क्लब त्याला परवानगी देतो आणि उत्पन्न बहुधा कुठल्या तरी चांगल्या कामाला जाते. आधी नाव नोंदवायला नको. सकाळी टेबलापाशी थोडे पौंड ठेवले की कुत्रा स्पर्धक झाला. खानदानी कुत्र्यांचे मोजके वर्ग असतात, पण खरी गर्दी बाकीच्यांची. सर्वांत जोरात शेपूट हलवणारा कुत्रा. कुत्र्याचे चार आणि मालकाचे दोन धरून सर्वांत देखणे सहा पाय. आणि ‘परीक्षकाला घरी न्यावासा वाटेल असा कुत्रा’. इतक्या प्रांजळ निकषावर माणसांची एकही स्पर्धा आजवर झालेली नाही, असे प्रस्तुत लेखकाचे नम्र मत आहे. माणसांच्या परीक्षकांना आधी काहीतरी तात्त्विक बोलावे लागते.

आज्ञापालनाच्या रिंगणात मात्र थट्टा चालत नाही. कुत्र्याने मालकाच्या डाव्या पायाला लागून चालायचे, तो वळला की वळायचे, थांबला की बसायचे, आणि बसताना अंग किंचित तिरके झाले तरी गुण कापला जातो. फेकलेले डंबेल आणून द्यायचे, पण वाटेत चावायचे नाही. वरच्या वर्गात गेल्यावर एकसारख्या दिसणाऱ्या फडक्यांच्या रांगेतून परीक्षकाच्या हाताचा वास लागलेले फडके हुडकून आणायचे, आणि या रांगेत चकवा म्हणून भलत्याच कुणाच्या वासाचे फडकेही घातलेले असते. मालक लांब उभा राहून ‘बस’, ‘ऊठ’, ‘आडवा हो’ अशा आज्ञा सोडतो तेव्हा कुत्र्याने सगळे जागच्या जागी करायचे, पुढे सरकायचे नाही.

हे सगळे मनापासून आवडणारी काही कुत्री असतात. त्यांना बॉर्डर कॉली म्हणतात. पहिल्या बाकावरची मुलगी बाईंकडे बघते तशी कॉली मालकाच्या तोंडाकडे बघत चालते. पायाखाली काय आहे हे तिला ठाऊक नसते आणि जाणून घ्यायची इच्छाही नसते. बाकीच्या जातींना आयुष्यात इतरही आवडीनिवडी असतात, त्यामुळे त्यांचे गुण जातात.

सर्वांत अवघड काम म्हणजे काहीच न करणे. अमेरिकेतल्या स्पर्धांत कित्येक वर्षे एक नियम होता: मधल्या वर्गातल्या कुत्र्यांना ओळीने बसवायचे, मालकांनी नजरेआड जायचे, आणि कुत्र्यांनी तीन मिनिटे बसून, मग पाच मिनिटे आडवे पडून राहायचे. तीन मिनिटे म्हणजे फार नव्हे, असे ज्याला वाटते त्याने शेजारी अनोळखी लॅब्रडॉर बसवून बघावे. पडद्याआड उभ्या असलेल्या मालकांची अवस्था कुत्र्यांहून वाईट असे. कुत्र्याला निदान समोरचे दिसत तरी होते.

अमेरिकेत ही स्पर्धा आणली ती पूडलची बाजू घेऊन उभ्या राहिलेल्या एका बाईंनी. हेलन व्हाइटहाउस वॉकर मोठे पूडल पाळत. पूडल म्हणजे केस कापून मिरवायचे शोभेचे कुत्रे, डोक्याने यथातथा, असे लोक म्हणत. बाईंनी वाद घातला नाही. इंग्लंडमधल्या चाचण्यांचा नमुना समोर ठेवून १९३३ साली न्यूयॉर्क राज्यात माउंट किस्को इथे आठ कुत्र्यांची परीक्षाच घेतली. पुढे १९३७ साली ब्लांश सॉन्डर्स या सहकारी प्रशिक्षिकेला आणि काही पूडलांना बरोबर घेऊन, गाडीमागे घरवजा ट्रेलर जोडून, दोघींनी देशभर सुमारे दहा हजार मैलांचा दौरा केला. गावोगावी पूडल उठून-बसून दाखवत आणि लोक थक्क होत. अपमानाचे उत्तर इतक्या लांब जाऊन देणारी माणसे आता दुर्मिळ झाली.

इंग्लंडात या कलेचे शिखर म्हणजे क्रफ्ट्स. चार्ल्स क्रफ्ट हा कुत्र्यांची बिस्किटे विकणाऱ्या कंपनीत नोकरीला लागलेला हिकमती गृहस्थ. १८९१ साली त्याने स्वतःच्या नावाने कुत्र्यांचे प्रदर्शन सुरू केले. त्याच्या घरी कुत्रा नव्हता, मांजर होते, असे सांगतात. आज्ञापालनाची अजिंक्यपद स्पर्धा तिथे १९५५ पासून होते. ती जिंकणाऱ्या कुत्र्यांची नावे श्वानप्रेमींच्या बाहेर फारशी कुणाला ठाऊक नसतात. क्रातूचे नाव मात्र पुष्कळांना ठाऊक आहे. रोमानियातून सोडवून आणलेला हा धिप्पाड, झिपरा कुत्रा क्रफ्ट्सच्या अडथळ्यांच्या शर्यतीत २०२० साली उतरला आणि त्याने तिथे स्वतःचे नियम लागू केले. बोगद्यात शिरला तो मधूनच तोंड बाहेर काढून प्रेक्षक न्याहाळू लागला. मग एक दांडा तोंडात धरून निघाला. त्याच्या मालकीण टेस ईगल स्वान यांना ऑटिझम आहे, आणि रिंगणाबाहेर हा कुत्रा त्यांचा मोठा आधार होता. रिंगणात तो कुणाचाच नव्हता. साऱ्या सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला.

गावच्या मैदानातले सॉसेजांचे रिंगण हे याच टाळ्यांवर चालते. दोन्ही बाजूंना सॉसेजचे तुकडे, बिस्किटे, चेंडू मांडलेले असतात. एका टोकाला कुत्रा बसवतात, दुसऱ्या टोकाला मालक उभा राहून हाक मारतो. कुत्र्याने कशाकडे न बघता सरळ यायचे असते. फिनलंडमधल्या अशाच एका स्पर्धेचे चित्रण जगभर कोट्यवधी लोकांनी पाहिले. आधीची कुत्री बाणासारखी मालकाकडे गेली. मग एक गोल्डन रिट्रीव्हर आला. त्याने डावीकडचे सगळे खाल्ले, उजवीकडचे सगळे खाल्ले, पुढे गेल्यावर मागे काही राहिल्याचे आठवले म्हणून परत फिरला, आणि मालकीण हाका मारत असताना काम पूर्ण करूनच तिच्याकडे गेला. सरळ गेलेल्या कुत्र्यांपैकी एकही कुणाच्या लक्षात नाही.

आता गंमत अशी की, ज्या संस्थांसाठी हे पैसे गोळा होतात त्यांची कुत्री या रिंगणात सॉसेजकडे पाठ फिरवणाऱ्यांतली असतील असे कुणालाही वाटेल. पण केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ साली लॅब्रडॉरच्या खादाडपणाचा छडा लावला. भुकेवर लगाम ठेवणाऱ्या एका जनुकाचा तुकडा काही लॅब्रडॉरमध्ये गळालेला असतो, त्यामुळे पोट भरल्याची वर्दी मेंदूपर्यंत नीट पोचत नाही. त्यांनी तपासलेल्या ३१० लॅब्रडॉरांपैकी २३ टक्क्यांमध्ये हा दोष सापडला. मग ८१ सहायक कुत्री तपासली. त्यांच्यातले प्रमाण निघाले ७६ टक्के. म्हणजे अंधांना रस्ता दाखवणाऱ्या, पडलेली किल्ली उचलून देणाऱ्या, दाराची बेल वाजली की मालकाला नाक लावून उठवणाऱ्या या संतमंडळींत हावरटांचा भरणा साध्या घरच्या कुत्र्यांच्या तिपटीहून अधिक. कारण शोधायला फार लांब जायला नको: शिकवताना बक्षीस म्हणून खाऊ देतात, आणि जो खाऊसाठी जीव टाकतो तो लवकर शिकतो. लॅब्रडॉर पाळणाऱ्या घरांना हे संशोधनाआधीच ठाऊक होते, पण त्यांनी ते कुठल्या नियतकालिकात छापले नव्हते.

दुसरी गंमत आज्ञापालनाचीच. मॉरिस फ्रँक हा नॅशव्हिलचा विशीतला तरुण. लहानपणी एका अपघातात त्याचा एक डोळा गेला, पुढे मुष्टियुद्धात दुसरा. १९२७ साली एका साप्ताहिकात डोरोथी हॅरिसन युस्टिस यांचा लेख आला. महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांना जर्मनीत कुत्री कशी फिरवतात, याची त्यात हकिकत होती. वडिलांनी तो लेख वाचून दाखवल्यावर पोराने बाईंना पत्र लिहिले: मला एक कुत्रा द्या, मी इतरांनाही शिकवीन. तो बोटीने युरोपात गेला तो जवळजवळ पार्सलसारखा, दुसऱ्यांच्या हवाली केलेला. स्वित्झर्लंडमध्ये त्याच्या हाती जी जर्मन शेफर्ड कुत्री दिली, तिचे नाव होते ‘किस’. भर रस्त्यात हे नाव घेऊन हाका मारायची कल्पना त्याला सोसेना. त्याने तिथल्या तिथे तिचे ‘बडी’ करून टाकले. १९२८ साली न्यूयॉर्कला उतरल्यावर बातमीदारांनी त्याला भयंकर रहदारीचा एक रस्ता ओलांडून दाखवायला सांगितले. बडीने थांबत, मागे सरत, पुढे होत त्याला पलीकडे नेले. त्याने बाईंना एका शब्दाची तार केली: यश. पुढच्या वर्षी अमेरिकेतली ‘सीइंग आय’ ही संस्था निघाली. इंग्लंडमध्ये १९३१ साली वॉलसी इथे ज्युडी, फ्लॅश, फॉली आणि मेटा या पहिल्या चार कुत्र्यांनी चार अंध माणसांना हाताशी घेतले.

त्या रस्त्यावर बडीने जे केले ते आज्ञापालनाच्या रिंगणात केले असते तर तिचे गुण गेले असते. मालक ‘पुढे’ म्हणाला आणि समोरून गाडी येत असली तर मार्गदर्शक कुत्र्याने पुढे जायचे नसते. फलाटाची कड आली, मालक पाऊल टाकायला निघाला, तर कुत्र्याने आडवे उभे राहायचे. हे त्याला मुद्दाम शिकवतात. संस्थेचा माणूस स्वतः गाडी अंगावर घालतो, प्रशिक्षक ‘पुढे’ म्हणतो आणि कुत्रा ढिम्म हलला नाही तर त्याची पाठ थोपटतात. कुठली आज्ञा मोडायची हे ज्याला कळत नाही, त्याला हे काम मिळत नाही. आपल्याकडे धर्मराजाच्या गोष्टीत आज्ञाभंग माणसाने केला: इंद्र रथ घेऊन आला, कुत्रा सोडून ये म्हणाला, आणि धर्मराज हटून बसला. कुत्रा तेवढा वेळ शांत बसला होता. तीन मिनिटांहून जास्तच असावा.

एंडल नावाच्या पिवळ्या लॅब्रडॉरच्या बाबतीत तर आज्ञा करणाराच बेशुद्ध होता. एंडलला लहानपणी सांध्याचे दुखणे होते, प्रशिक्षणातून बाद व्हायच्याच बेतात होता. आखाती युद्धात डोक्याला इजा झालेले ब्रिटिश नौदलातले अ‍ॅलन पार्टन त्याला भेटले, आणि दोघांचे जमले. एंडल दुकानातल्या फडताळातून हवे ते काढून देई, पैसे काढायच्या यंत्रात कार्ड घाली, नोटा आणून हातात देई. बँकेत जाण्याची टाळाटाळ करणाऱ्या कित्येक नवऱ्यांना हे वाचून बरे वाटणार नाही. २००१ साली एका गाडीच्या धक्क्याने पार्टन चाकाच्या खुर्चीतून फेकले गेले. एंडलने त्यांना ओढून कुशीवर केले, अंगावर पांघरूण घातले, गाडीखाली गेलेला मोबाइल आणून दिला आणि ते शुद्धीवर आल्यावर मदतीसाठी जवळच्या हॉटेलकडे धावला. २००२ मध्ये त्याला पीडीएसए या प्राणिसेवा संस्थेचे सुवर्णपदक मिळाले. तिथे तो तिरका बसला का, हे कोणी पाहिले नाही.

असा एक कुत्रा तयार करायला दोनेक वर्षे आणि फार पैसा लागतो. तो पैसा इंग्रजांनी चमत्कारिक मार्गांनी जमवलेला आहे. १९६४ साली ‘ब्लू पीटर’ या मुलांच्या टीव्ही कार्यक्रमाने चॉकलेटचा चांदीसारखा कागद आणि दुधाच्या बाटल्यांची झाकणे गोळा करायचे आवाहन केले. पोरांनी ढिगाने पाठवली, आणि त्यातून ‘हनी’ नावाचे पिल्लू मार्गदर्शक कुत्री झाले. दुकानांच्या दाराशी खऱ्याएवढा लॅब्रडॉरचा पुतळा बसवायचा, आणि त्याच्या डोक्याला नाणे टाकायची फट ठेवायची, हाही एक मार्ग. आज्ञापालनात तो पुतळा आजवर कुणाला हरलेला नाही. पाच मिनिटे काय, पाच वर्षे दाराशी बसतो.

सगळी पिल्ले काही पुतळ्यासारखी निघत नाहीत. स्वयंसेवकांच्या घरी वर्षभर वाढलेली, बस-आगगाडीत बसायला शिकलेली कितीतरी कुत्री शेवटी बाद होतात. कुणाला खारी दिसल्या की राहवत नाही, कुणाला जिना आवडत नाही, कुणी उपाहारगृहात टेबलाखाली शांत बसायच्या ऐवजी टेबलावरचे बघू लागतो. अशा कुत्र्याला नापास म्हणण्याची पद्धत नाही. त्याने ‘करिअर बदलले’ असे म्हणतात. मग त्याला घरी न्यायला लोक अर्ज करतात, आणि अर्जांच्या मानाने कुत्री थोडी असतात. संस्था घराला कुंपण आहे का विचारते, दिवसभर घरी कोण असते ते विचारते, पूर्वी कुत्रा पाळला होता का तेही विचारते. काही माणसांना नकार येतो.